गुन्हा जाळ्याचा, आरोपी कोळी

आमच्या बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. खारे पाणी म्हणाल तर लोणारचे एक सरोवर आहे, आणि तेही आकाशातून पडलेल्या अशनीने खोदलेले. मुंबईचा किनारा आम्हांला रस्त्याने चारशे किलोमीटरांहून दूर. तेव्हा मेहकर तालुक्यातल्या एका मॅट्रिक मास्तराने, ज्याच्या आजवरच्या कादंबऱ्यांत विहीर आणि नाला सोडून तिसरे पाणी आले नाही त्याने, कोळ्यांच्या जाळ्यांविषयी लिहावे, आणि तेही ऐन दिवाळीच्या अंकात, हे पाहून वाचक म्हणतील, मास्तरांना झाले आहे तरी काय?

झाले ते सांगतो. एक प्रश्न मला विचारला गेला, त्याचे मी चुकीचे उत्तर दिले, आणि ते उत्तर चाळीस मुलांनी खरे मानले. मास्तराच्या हातून याहून मोठा अपराध होत नाही. तो धुऊन काढण्यासाठी हा लेख आहे. फराळाचे ताट बाजूला सरकवा असे मी म्हणत नाही. खाता खाता वाचलात तरी चालेल.

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेची सहल मालवणला गेली. मुलांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. तारकर्लीला होडीतून फिरताना डॉल्फिन दिसले. करड्या रंगाची, पाठीवर उंचवटा असलेली ती जनावरे पाण्याबाहेर पाठ काढीत, फुसकन् श्वास सोडीत आणि पुन्हा बुडत. मुलांनी असा गलका केला की तांडेलसुद्धा हसू लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी वाळूवर फिरायला गेलो, तो त्यांतलेच एक मरून पडलेले. चोचीभोवती आणि शेपटीच्या मुळाशी बारीक दोऱ्याचे वळ उमटले होते. माझ्या वर्गातला एक पोरगा उकिडवा बसला, त्या वळांवरून बोट फिरवले आणि म्हणाला, "गुरुजी, याले कोनं मारलं?"

मी म्हणालो, "कोळ्यांनी. दुसरं कोण मारणार?"

पाचसात हातांवर एक म्हातारा जाळे सांधीत बसला होता. त्याने मान वर केली. रागावला नाही. एवढेच म्हणाला, "गुरुजी, पोरांका खोटा सांगू नकात. माका तेका मारून काय गावतला? उलट जाळा फाटता."

मग त्याने त्या पोराला जवळ बोलावले, मांडीवरच्या जाळ्याचा एक पदर समुद्राच्या बाजूला उभा धरला आणि पोराचा हात त्याच्या मागे ठेवायला सांगितला. बोटे किती दिसतात? पाचही दिसत होती. मध्ये काही आहे हे डोळ्यांना कळेना. भर उजेडात ही गत, तर रात्रीच्या काळ्या पाण्यात काय होत असेल? म्हाताऱ्याने पुढे एक शब्दही काढला नाही, आणि मीही काढला नाही. मात्र परतीच्या वाटेवर, एस. टी.च्या खिडकीशी बसून, मी स्वतःशी कबूल केले की मास्तर, तू निरपराध माणसावर खुनाचा आळ घेतलास.

घरी आल्यावर जमेल तितके वाचले, जाणकारांना विचारले. जे कळले ते थोडक्यात असे.

डॉल्फिन हा मासा नव्हे. तो तुमच्याआमच्यासारखा सस्तन प्राणी. पिल्लाला दूध पाजतो, आणि श्वास हवेतूनच घेतो. आमच्या किनाऱ्याशी राहणारा हा पाठीवर उंचवटा असलेला डॉल्फिन, आणि त्याचा पाठीवर पर नसलेला लहान भाऊबंद, ज्याला बुलगा म्हणतात, हे दोघेही उथळ पाण्यातले. कोळ्याची जाळी आणि ह्यांची वस्ती एकाच ठिकाणी. पाण्यात ते डोळ्यांपेक्षा कानांवर अधिक चालतात. टकटक असा सूक्ष्म आवाज पुढे फेकायचा आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकून वाट ओळखायची. आता नायलॉनच्या बारीक तंतूवरून परतणारा प्रतिध्वनी फारच क्षीण. पाण्याला आणि नायलॉनला आवाज जवळजवळ सारखाच जुमानतो. म्हणजे जे जाळे डोळ्यांना दिसत नाही ते कानांनाही पुरतेसे ऐकू येत नाही. माशामागे धावणारा डॉल्फिन त्यात चोच खुपसतो, बावरून गिरकी घेतो, आणि तो तंतू पराभोवती आणि शेपटीभोवती आवळत जातो. पाण्याची पातळी चार हात वर असते. तेवढे वर जाता आले नाही की काही मिनिटांत तो गुदमरतो. जन्मभर पाण्यात राहिलेला प्राणी शेवटी बुडून मरतो!

तर मग मारले कोणी? तांडेल त्या वेळी होडीत झोपलेला असतो, किंवा घरी असतो. मारले ते तंतूच्या जाडीने, आसाच्या मापाने (जाळ्याच्या भोकाला कोळी आस म्हणतात), जाळे किती खोलीवर सोडले त्याने आणि ते किती तास पाण्यात राहिले त्याने. ह्या चारही गोष्टी माणसाने ठरवलेल्या आहेत. आणि माझे म्हणणे सारे इतकेच की, माणसाने जे ठरवले ते माणसाला बदलता येते. पण त्यासाठी आधी आपण गुन्हेगार बरोबर ओळखला पाहिजे.

मात्र गुन्हेगार चुकीचा ओळखण्याची आपल्याला सवयच आहे. आमच्या भागात सोयाबीनच्या हंगामात मळणीयंत्रावर मजुराचा हात जातो. लगेच पारावर निवाडा होतो : बाई निष्काळजी होती, पोरगा झोपेत होता. यंत्राच्या तोंडाशी हात आत जाईल एवढी जागा ठेवली कोणी, हे कोणी विचारीत नाही. १९८३ साली केंद्र सरकारने धोक्याच्या यंत्रांविषयी कायदा केला तो ह्याच विचाराने, की यंत्र बनवणाऱ्याने ते हात वाचेल असे बनवावे. जमिनीवर जे शहाणपण कायद्याला सुचले ते पाण्यावर सुचायला नको काय?

जाळी सारी सारखी नसतात, हेही मला पूर्वी ठाऊक नव्हते. रापण घ्या. समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडायची आणि दोन्ही टोकांनी माणसांनी किनाऱ्यावर ओढायची. तीत एखादा डॉल्फिन आला तरी त्याचे डोके पाण्याबाहेर असते, आणि चाळीस हात तिथे हजर असतात. सोडून देता येतो. डोल घ्या. भरतीओहोटीच्या ओढीत तोंड उघडे ठेवून बांधलेली ती लांबलचक पिशवी. बोंबील आणि जवळा तिच्यात येतो, आणि क्वचित एखादा बुलगाही. परंतु सर्वांत घातकी ते कांडाळीसारखे जाळे, पाण्यात उभी केलेली भिंत. वर बोये, खाली वजने, आणि मध्ये ती न दिसणारी वीण. संध्याकाळी सोडायची, पहाटे ओढायची. माशाचे डोके आसात शिरावे आणि कल्ला अडकावा, ही तिची युक्ती. ही भिंत मासा आणि डॉल्फिन असा भेद करीत नाही, आणि तिच्यापाशी रात्रभर कोणी नसते.

इथे आम्हां कापूसवाल्यांचा संबंध येतो. एके काळी जाळी सुताची आणि सणाची असत. खामगावची कापसाची बाजारपेठ ज्यांना ठाऊक आहे त्यांना मी सुताविषयी काय सांगावे? सुताचे जाळे जाड, पाण्यात जड होणारे, कुजणारे. ते वाळवावे लागे, झाडांच्या सालीच्या काढ्यात बुडवावे लागे. ते नजरेला दिसे, आणि मोठ्या जनावराने जोर केला तर फाटेही. १९५० नंतरच्या काळात नायलॉन आले. हलके, स्वस्त, न कुजणारे, अदृश्य. कोळ्याने ते घेतले ह्यात त्याचे काय चुकले? आपण घरी पितळेची घागर सोडून प्लॅस्टिकची बादली आणली तेव्हा कोणाला विचारले होते? पुन्हा सुताकडे चला असे मी मुळीच म्हणत नाही. सुताच्या जाळ्याने कोळणीच्या हाताला जे घट्टे पडत त्यांचे कौतुक घाटावर बसून करणे हा चावटपणा होईल. मी म्हणतो ते इतकेच की, ज्या बुद्धीने अदृश्य तंतू काढला त्याच बुद्धीने पुढचे पाऊल टाकावे.

आणि ते टाकता येते. पुरावा हवा असेल तर जगाकडे पाहा. पूर्व पॅसिफिक महासागरात ट्यूना मासा डॉल्फिनांच्या कळपाखाली पोहतो. म्हणून १९६०च्या सुमारास तिथल्या जहाजांनी डॉल्फिनांनाच घेरून भोवती पर्ससीन, म्हणजे तळाशी बटव्यासारखे आवळणारे जाळे, टाकायला सुरुवात केली. त्या मासेमारीत एकंदर साठ लाखांहून अधिक डॉल्फिन मेले असा अमेरिकन सरकारी शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. त्यावर उपाय काढले ते कोणी? दोन्ही उपाय जहाजांच्या कप्तानांनीच काढले. अँटोन मिसेटिच ह्याने जहाज मागे घेऊन जाळ्याची कड पाण्याखाली बुडवण्याची रीत काढली, म्हणजे डॉल्फिन कडेवरून निसटतात आणि ट्यूना खाली राहतो. हॅरॉल्ड मेडिना ह्याने १९७१ साली त्या कडेला बारीक आसाचा पट्टा लावला, म्हणजे चोच आणि पर अडकत नाहीत. पुढे १९७२च्या अमेरिकन कायद्याचा, जहाजांवरच्या निरीक्षकांचा आणि गिऱ्हाइकांच्या रागाचा रेटा मिळाला. १९८६ साली एका वर्षात लाखाच्या वर डॉल्फिन मरत होते. आता तो आकडा वर्षाला हजाराच्या आत आहे. ट्यूना अजून बाजारात मिळतो, आणि जहाजेही चालू आहेत.

आणखी ऐका. अमेरिकेच्या मेनच्या आखातात १९९४ साली जाळ्यांना बारीक आवाज करणारी यंत्रे बांधून पाहिली. साध्या जाळ्यांच्या ४२३ माळांत पंचवीस बुलग्यासारखे प्राणी मेले, आवाजाच्या ४२१ माळांत दोन. पेरू देशात लहान होड्यांच्या जाळ्यांना हिरवे दिवे लावले, तेव्हा डॉल्फिनजातीच्या प्राण्यांचे अडकणे सुमारे सत्तर टक्क्यांनी घटले. आपल्याच अरबी समुद्रात, पाकिस्तानच्या कोळ्यांनी ट्यूनाचे जाळे पाण्याच्या पृष्ठभागाऐवजी सुमारे दोन मीटर खाली सोडले, आणि एवढ्याने मरणे पुष्कळ कमी झाले. त्यासाठी नवे यंत्रही लागले नाही. लागली ती बोयांची लांब दोरी! जर्मनीतले शास्त्रज्ञ जाळ्यावर काचेसारखे बारीक मणी ओवून ते डॉल्फिनांच्या कानांना 'दिसते' का हे तपासीत आहेत. प्रत्येक उपायाला खोट आहे, हे मी लपवीत नाही. आवाजाच्या यंत्राला बॅटरी लागते, आणि काही डॉल्फिन त्या आवाजाला सरावतातही. कुठे मासळी थोडी कमी येते. परंतु खोट आहे म्हणून उपायच नको म्हणणारा माणूस दिवा धूर सोडतो म्हणून अंधारात जेवत नाही.

आता माझ्या विरोधकांकडे वळतो. ते तीन आहेत आणि तिघेही सज्जन आहेत.

पहिले म्हणतात, मासे खाणेच सोडा, प्रश्न मिटला. त्यांच्या व्रताला माझा नमस्कार. परंतु व्रत हे ज्याचे त्याने करायचे असते. दुसऱ्याच्या चुलीवर ते लादता येत नाही. समुद्राच्या काठी शेत नसते, जाळे हेच शेत असते. बुलढाण्यात बसून वेंगुर्ल्याच्या माणसाला उपास सांगणे फार सोपे आहे.

दुसरे म्हणतात, कायदा कडक करा, जाळीच बंद करा, कोळ्यांना तुरुंगात टाका. कायदा कडकच आहे. वन्यजीव संरक्षणाचा १९७२चा कायदा डॉल्फिनाला वाघाच्या पंक्तीला बसवतो. मारणाऱ्याला तीन ते सात वर्षे कैद. परिणाम काय? जाळ्यात मेलेला डॉल्फिन सापडला की कोळी घाबरतो आणि मुकाट्याने समुद्रात सोडून देतो. त्याची नोंद कुठेच होत नाही, आणि नोंद नाही म्हणून प्रश्नच नाही असे कचेरीला वाटते. मेक्सिकोचे उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारे आहे. तिथल्या कॅलिफोर्नियाच्या आखातात वाकीता नावाचा चिमुकला सागरी सस्तन प्राणी राहतो. १९९७ साली त्यांची संख्या पाचशे सदुसष्टच्या आसपास मोजली होती. भिंतीसारख्या जाळ्यांवर २०१५ साली बंदी आली, २०१७ साली ती कायम झाली; पण कोळ्याच्या हातात चालेलसे दुसरे जाळे कोणी वेळेवर दिले नाही, आणि एका माशाच्या फुगवट्याला चीनच्या चोरबाजारात सोन्याचा भाव मिळत राहिला. आज वाकीता दहाच्या आसपास उरले आहेत. जुने जाळे काढून घेणे आणि नवे हातात न देणे, ह्याला सुधारणा म्हणत नाहीत.

तिसरे म्हणतात, एखाददुसरा डॉल्फिन मेला तर मेला. त्यांनी आकडे ऐकावे. हिंदी महासागरात एकट्या ट्यूनाच्या भिंतजाळ्यांत १९५० ते २०१८ ह्या काळात एकेचाळीस लाख लहान डॉल्फिनजातीचे प्राणी मेले असावेत असा २०२० साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. आणि डॉल्फिनाची मादी कोंबडी नव्हे. ती काही वर्षांच्या अंतराने एकच पिल्लू देते. आमच्या किनाऱ्यावरचा तो उंचवट्याचा डॉल्फिन जागतिक यादीत 'संकटग्रस्त' म्हणून नोंदला गेला आहे. तारकर्लीच्या होड्यांना पर्यटकांचे पैसे कोणामुळे मिळतात, हेही त्यांनी मालवणात जाऊन विचारावे.

आपल्या सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून एक चांगली योजना आहे. जाळ्यात डॉल्फिन, कासव किंवा बहिरी देवमासा अशा संरक्षित जातीचा जीव अडकला आणि कोळ्याने जाळे कापून त्याला जिवंत सोडले, तर त्याला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. अनेक कोळ्यांनी जाळी कापली, जीव सोडले. ज्यांना आपण क्रूर म्हणतो त्यांनी! परंतु ह्या योजनेची मर्यादा उघड आहे. ती जिवंत सापडलेल्या जिवासाठी आहे. कासव पुष्कळ वेळ तग धरते. डॉल्फिन पहाटेपर्यंत थांबत नाही. जाळे कापण्याला भरपाई द्यावी हे उत्तम; परंतु मुळात न अडकवणारे जाळे विणण्याला ती आधी द्यावी, हे अधिक उत्तम.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. जाळे दोन मीटर खाली सोडणे, दिवे, आवाजाची यंत्रे, दिसेल असा तंतू, ह्यांतले आपल्या किनाऱ्याला काय मानवते ते कोळ्यांच्याच होड्यांवर, त्यांना मजुरी देऊन, तपासावे. बदलाचा आणि पहिल्या काही हंगामांतल्या तोट्याचा खर्च सरकारी तिजोरीने उचलावा. लहान होडीवाल्याच्या गळ्यात तो बांधू नये. आणि मेलेला डॉल्फिन प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर खटला होणार नाही, असे अभयवचन द्यावे. मासळीच्या भाकरीवर जगणाऱ्याला चोर ठरवून समुद्र वाचणार नाही; त्याला सल्लागार केले तरच वाचेल. मेडिना आणि मिसेटिच हे कोणी प्रोफेसर नव्हते.

हे आपण आपणहून केले नाही तर बाहेरचे गिऱ्हाईक करायला लावील. समुद्रातून पकडलेली आपली कोळंबी अमेरिकेने २०१९ साली बंद केली, कारण आपल्या ट्रॉलरच्या जाळ्यांना कासव निसटून जाण्याची खिडकी नव्हती. आता डॉल्फिन आणि देवमासे ह्यांच्या रक्षणाचीही अशीच अट तिथे आली असून तिची अंमलबजावणी २०२६च्या आरंभापासून ठरली. आपल्या घरातली दया परक्याच्या बाजारभावाने जागी व्हावी, ह्यात मला तरी भूषण वाटत नाही.

"पण गुरुजी, आपला काय संबंध?" असे आमच्या गावातले लोक विचारतातच. त्यांना मी आठवडी बाजारात घेऊन जातो. तिथे पोत्यांवर सुके बोंबील आणि सुकट मांडलेली असते. ती काही लोणारच्या सरोवरातून येत नाही. त्या पोत्याला जाळ्याची एक वीण चिकटलेली असते, आणि तिचे दुसरे टोक आपल्या ताटात असते. आपण मासळी घेताना पैसे मोजतो ते फक्त मासळीचे. जाळे सुधारण्याचे त्यांत नसतात. उद्या किलोमागे दोन रुपये अधिक पडले तर कुरकुर करू नका, एवढेच माझे घाटावरच्या गिऱ्हाइकांना मागणे आहे.

सहलीनंतर शाळा भरली तेव्हा पहिल्या तासाला मी फळ्यावर तोच प्रश्न लिहिला : त्याला कोणी मारले? आणि मुलांना सांगितले, मी तुम्हांला किनाऱ्यावर चुकीचे उत्तर दिले, ते खोडा. वर्गात शांतता पसरली. मास्तर चुकतो हे त्यांना नवीन होते. मग तोच पोरगा उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, मंग जायं असं कराव की मासा अडकीन अन् तो सुटीन."

कायदेपंडितांना, मत्स्यखात्याला आणि आम्हां लेखकांना जे इतक्या वर्षांत नीट सांगता आले नाही ते त्या पोराने एका वाक्यात सांगितले. मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले आहेत. आता त्याचे उत्तर खरे करून दाखवणे हे मोठ्या माणसांचे काम आहे.